वजन वाढतंय, दोष कुणाचा? तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या अंकात कोल्ड्रिंकवरच्या टॅक्सबद्दल लिहिलं होतं आणि त्यात एक वाक्य असं होतं की लठ्ठपणा हा फक्त जिभेचा प्रश्न नाही, बाजाराचा आणि कायद्याचाही आहे. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आलाय. निम्मे लोक म्हणतात, ज्याचा तोंडावर ताबा नाही त्याला सरकार काय करणार. उरलेले म्हणतात, सगळं कंपन्यांनी करून ठेवलंय, आम्ही काय करणार. दोघांचंही म्हणणं सोयीचं आहे, पहिल्यांना दुसऱ्याला नावं ठेवता येतात आणि दुसऱ्यांना स्वतःला सूट देता येते. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं कळवलंय म्हणून कुणाचंच छापत नाहीये.

प्रश्न : मॅडम, कुणी कुणाच्या तोंडात जबरदस्तीने घास कोंबत नाही. ठरवलं तर माणूस नाही म्हणू शकतो. मग सरकारी धोरणाला मध्ये कशाला ओढता? ही आळशी लोकांना तुम्ही दिलेली पळवाट आहे. (निवृत्त शिक्षक)

सर, राग समजला. पण जरा हिशोब करू या. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे सांगतात की १९९० ते २०२२ या काळात जगभरात प्रौढांमधला लठ्ठपणा दुपटीहून जास्त झाला आणि किशोरवयीन मुलांमधला चौपट. आज दर ८ माणसांत १ जण त्या व्याख्येत बसतो. आता एवढ्या तीस-बत्तीस वर्षांत माणसाची जनुकं काही बदलत नाहीत. मग राहिली इच्छाशक्ती. ती श्रीमंत देशात, गरीब देशात, म्हाताऱ्यांत, शाळेतल्या पोरांत, सगळीकडे एकाच वेळी आटली असं मानायचं का? मला तरी हे पटत नाही. माणसं तीच आहेत, त्यांच्या आजूबाजूचं खाणं बदललंय, ते किती स्वस्त, किती हाताशी, किती वेळा डोळ्यासमोर येतं हे बदललंय.

केव्हिन हॉल नावाच्या संशोधकाने अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत एक प्रयोग केला, २०१९ मध्ये तो छापून आला. २० माणसं चार आठवडे तिथेच मुक्कामाला ठेवली. दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड खाणं, म्हणजे कारखान्यात तयार होऊन पाकिटात येणारं, आणि दोन आठवडे साधं, घरी शिजवता येईल असं. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या जेवणातल्या कॅलरी, साखर, फॅट, मीठ, फायबर जवळजवळ सारखं ठेवलं होतं आणि सांगितलं होतं की हवं तेवढं खा, नको तेवढं ठेवा. पाकिटातल्या खाण्यावर हीच माणसं दिवसाला साधारण ५०० कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत सरासरी पाऊण-एक किलो वजन वाढलं आणि साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. माणसं तीच, त्यांची इच्छाशक्तीही तीच, फक्त समोरचं खाणं बदललं. प्रयोग छोटा आहे, चार आठवड्यांचाच आहे, हे मान्य. पण "माणसाने ठरवलं तर" या वाक्याला त्यातून बऱ्यापैकी तडा जातो.

दुसरं उदाहरण ट्रान्स फॅटचं. बेकरीच्या मालात आणि तळणात वापरलं जाणारं हे फॅट हृदयाला घातक. डेन्मार्कने २००३ मध्ये कायद्यानेच त्यावर मर्यादा घातली, पुढे बऱ्याच देशांनी तेच केलं, २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्या जगाला ते हटवायला सांगितलं. आता मला सांगा, डेन्मार्कच्या लोकांनी त्यासाठी मनावर कुठला ताबा मिळवला? काहीच नाही. ते आधीसारखेच दुकानात जात होते, तेच बिस्किट खात होते, फक्त बिस्किटातून ती वस्तू गेली. लाखो लोकांना उपदेश करत बसण्यापेक्षा एका कायद्याने काम झालं.

आणि सवयीचं म्हणाल तर सवय म्हणजे तरी काय, जे विचार न करता होतं ते. विचार न करता हात कुठे जाणार हे बऱ्याचदा दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं असतं. मोठ्या दुकानात बिलाच्या रांगेत चॉकलेटं आपोआप येऊन बसत नाहीत, ती जागा कुणीतरी विचार करून निवडलेली असते. इंग्लंडने ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांमध्ये प्रवेशद्वारापाशी आणि बिलाच्या काउंटरजवळ जास्त साखर-मीठ-फॅटवालं खाणं मांडायला बंदी केली, ती उगाच नाही केली. तेव्हा सर, पळवाट नाही देत मी कुणाला, फक्त रस्ता कुणी आखलाय ते दाखवतेय.

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. महिनाअखेरीला फळं-भाज्या जड जातात पण बिस्किटं, नूडल्स, कोल्ड्रिंक परवडतं. पौष्टिक खा म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही का? आणि असं का असतं मुळात?

दिसतं हो. संयुक्त राष्ट्रांच्याच अहवालानुसार २०२२ साली जगात २८० कोटींहून जास्त लोकांना पौष्टिक आहार परवडत नव्हता. पोट भरणं वेगळं आणि पोषण वेगळं, पहिलं स्वस्तात होतं, दुसरं होत नाही.

असं का, याला बरीच कारणं आहेत आणि लोक सहसा एकच सांगतात, सबसिडी. त्यात तथ्य आहेच. अमेरिकेचं उदाहरण सगळ्यात ठळक. १९७० च्या दशकात अर्ल बुट्झ हे तिथले कृषिमंत्री होते, त्यांनी शेतकऱ्यांना सांगितलं की बांधापासून बांधापर्यंत पेरा, जितकं पिकवाल तितकं चांगलं. मका आणि सोयाबीनचे ढीग लागले. तिकडे बाहेरून येणाऱ्या साखरेवर कोटा आणि शुल्क लावून साखर महाग ठेवलेली. मग मक्यापासून बनणारं गोड सिरप स्वस्त पडायला लागलं आणि १९८४ पर्यंत तिथल्या दोन्ही मोठ्या कोला कंपन्या साखर सोडून त्यावर गेल्या. सोयाबीनचं तेल, मक्याचं पीठ, स्टार्च, सिरप, हे सगळं कारखान्याला लागणारं कच्चं सामान. भाजी-फळवाल्या शेतकऱ्याला तसा आधार कधी मिळाला नाही.

पण फक्त सबसिडी बंद केली की लोक बारीक होतील असं जर कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या किमतीत गोडव्याचा वाटा अगदी थोडा असतो, बाकी सगळी बाटली, वाहतूक, जाहिरात आणि नफा. खरा फरक टिकण्यात आहे. पाकीट सहा महिने फळीवर राहतं, पालेभाजी दोन दिवसांत मान टाकते, जी विकली गेली नाही तिचा तोटा विकल्या गेलेल्या जुडीवर चढतो. त्यात शीतगृहं नसतील, रस्ते वाईट असतील तर आणखी चढतो. म्हणून मला विचाराल तर अन्न धोरण म्हणजे फक्त आरोग्य खात्याचं काम नाही, गोदामं आणि ट्रकसुद्धा त्यातच येतात आणि त्यावर कुणी भाषण करत नाही कारण त्यात टाळ्या मिळत नाहीत.

ब्राझीलने एक चांगली गोष्ट केली. २००९ च्या कायद्याने शाळेतल्या जेवणासाठी केंद्राकडून जो पैसा येतो त्यातला किमान ३० टक्के छोट्या शेतकरी कुटुंबांकडून माल घेण्यावर खर्च करायचा असं ठरवलं. म्हणजे शेतकऱ्याला पक्कं गिऱ्हाईक मिळालं आणि पोरांना ताजी भाजी मिळाली.

तुमच्यापुरतं सांगायचं तर महागडी फळं आणि डब्यातल्या "हेल्दी" वस्तू विसरा. सुक्या डाळी-कडधान्यं, अंडी खात असाल तर अंडी, त्या मोसमात जी भाजी सगळ्यात स्वस्त आहे ती, जमलं तर फ्रोझन मटार-भाज्या (फ्रोझन म्हणजे कमअस्सल हा गैरसमज आहे, पोषण बऱ्यापैकी टिकतं). आणि पैशाइतकाच वेळ महाग असतो हे लक्षात घ्या. घरात भाजी निवडणं-चिरणं जर एकाच बाईच्या गळ्यात असेल तर ती कधीतरी दमून पाकीट फोडणारच, तिथे तिच्या शिस्तीबद्दल बोलण्याआधी बाकीच्यांनी हातात सुरी घ्यावी.

प्रश्न : कोल्ड्रिंकवर टॅक्स लावला की गरिबालाच फटका बसतो, श्रीमंत पितच राहतो. मग हा टॅक्स म्हणजे सरकारची तिजोरी भरायचा धंदा नाही का?

हा आक्षेप खोटा नाही, पण अर्धाच आहे. टॅक्सचा भार गरिबावर जास्त पडतो हे खरं, पण मधुमेहाचा भारही त्याच्यावरच जास्त पडतो आणि त्याची पावती कुणी देत नाही.

काय झालं ते बघू. मेक्सिकोने १ जानेवारी २०१४ पासून साखर घातलेल्या पेयांवर लिटरमागे १ पेसो टॅक्स लावला, किंमत साधारण १० टक्क्यांनी वाढली. पहिल्या वर्षी खरेदी अंदाजापेक्षा साडेपाच टक्के कमी झाली, दुसऱ्या वर्षी जवळपास १० टक्के, आणि सगळ्यात जास्त घट कमी उत्पन्नाच्या घरांत दिसली. लोक म्हणाले होते पहिल्या वर्षी घाबरतील आणि मग परत पितील, तसं झालं नाही. पण हेही सांगते की यामुळे मेक्सिकोत सगळे बारीक झाले असं काही नाही. एका पेयावरचा टॅक्स म्हणजे लठ्ठपणावरचं औषध नव्हे.

ब्रिटनचा टॅक्स मला जास्त हुशारीचा वाटतो. एप्रिल २०१८ पासून लागू झाला पण जाहीर दोन वर्षं आधी केला. १०० मिलीलिटरमागे ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर टॅक्स नाही, ५ ते ८ मध्ये थोडा, ८ च्या वर जास्त. मग काय, टॅक्स लागायच्या आतच निम्म्याहून जास्त कंपन्यांनी पेयातली साखर खाली आणली. ग्राहकाला काही करावंच लागलं नाही, तो त्याच नावाची बाटली घेत राहिला आणि पोटात साखर कमी जायला लागली. सरकारला मिळणारा पैसा अपेक्षेपेक्षा कमी झाला आणि तेच तर यश. तिजोरी भरायचा धंदा असता तर असं डिझाइन केलं नसतं.

आणि फसलेलं उदाहरणही आहे. डेन्मार्कने, हो त्याच ट्रान्स फॅटवाल्या डेन्मार्कने, ऑक्टोबर २०११ मध्ये सॅच्युरेटेड फॅटवर टॅक्स लावला. लोणी, चीज, मांस, सगळं महाग. लोक सरळ सीमा ओलांडून जर्मनीतून सामान आणायला लागले, दुकानदार ओरडले, हिशोब ठेवणं किचकट, आणि जानेवारी २०१३ पासून टॅक्स गुंडाळला. यातून मला एवढंच दिसतं की रोजच्या जेवणातल्या जिनसांवर सरसकट हात टाकला की लोक उलटतात, आणि ज्याशिवाय कुणाचं अडत नाही अशा एका गोष्टीवर टाकला तर चालतं. गोळा झालेला पैसा जर पिण्याच्या पाण्याच्या सोयीवर आणि शाळेच्या जेवणावर दिसेल असा खर्च झाला तर गरिबाचा आक्षेपही बराच कमी होईल. तो तसा होतो की नाही हे विचारत राहणं आपलं काम.

प्रश्न : साखर पूर्ण बंद केली आहे. आता मध आणि घरी काढलेला फळांचा रस घेते. चांगलं आहे ना?

ताई, शरीराला फार फरक कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना जी साखर मोजून खा म्हणते त्यात मध, सिरप आणि फळांचा रस तिन्ही येतात, रस घरी काढला तरी. रसातून चोथा गेला की उरतं गोड पाणी. तीन-चार फळांचा रस दोन मिनिटांत पिऊन होतो, तीच फळं चावून खायला बसलात तर दुसऱ्यातच पोट भरेल. फळ खा.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा. कार्टूनचं चित्र असलेलं पाकीट दिसलं की दुकानात लोळण घेतो. शाळेच्या कॅन्टीनमध्येही तेच मिळतं. आम्ही घरात काही चांगलं केलं तर तोंड वाकडं करतो. सासूबाई म्हणतात लाडावून ठेवलंय. काय करू?

सासूबाईंना सांगा की सात वर्षांच्या पोरासमोर पगार घेऊन काम करणारी अख्खी टीम बसलेली असते, रंग कुठला, चित्र कुठलं, फळीवर उंची किती, हे ठरवायला. त्यात आई एकटी. सामना बरोबरीचा नाहीच आहे.

चिलीने हे ओळखलं. २०१६ मध्ये त्यांचा कायदा लागू झाला, जास्त साखर, मीठ, सॅच्युरेटेड फॅट किंवा कॅलरी असलेल्या पाकिटावर समोरच काळा अष्टकोनी शिक्का, आणि असा शिक्का असलेल्या वस्तूवर कार्टून छापायचं नाही, मुलांना उद्देशून जाहिरात करायची नाही, शाळेत विकायची नाही. नाश्त्याच्या डब्यांवरचे वाघ-बिघ सगळे गायब झाले. पहिल्या दीड वर्षात साखरेच्या पेयांची खरेदी साधारण पाव हिश्श्याने कमी झाली. मला यातलं सगळ्यात आवडलेलं काय, तर तिन्ही गोष्टी एकदम केल्या. नुसता शिक्का लावला असता तर सात वर्षांचं पोर काय शिक्का वाचणार आहे.

आता तुमच्या घरचं. काय आणायचं, कधी आणि कुठे बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं ते मुलाने. ही वाटणी एकदा पक्की केलीत ना की निम्मी भांडणं मिटतात. पाकीट घरातच नसेल तर त्यावर वाद कसला, दुकानात एकदा लोळेल, दोनदा लोळेल. अर्थात आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून मजेत खा, चोरून नको, त्या खाण्याला पाप ठरवलंत तर ते आणखी गोड लागेल. "भाजी संपव मग चॉकलेट देते" हे वाक्य मात्र बंद करा, त्यातून पोर एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस. ताट चाटूनपुसून संपवायची सक्तीही नको, पोट भरलं हे कळायची जी उपजत समज असते ती आपण अशीच मोडतो. नवीन भाजी पहिल्यांदा नाकारली तर रागावू नका, दहा-बारा वेळा थोडी थोडी समोर आली की बरीच मुलं खायला लागतात, आणि हो, बाबांनी पण ती खाल्ली पाहिजे.

कॅन्टीनचं एकट्याने जमणार नाही. चार-पाच पालक मिळून मुख्याध्यापकांना भेटा आणि फक्त एक मागणी करा, गोड पेयं बंद. यादी घेऊन गेलात तर समिती नेमतील.

प्रश्न : मी वर्षभर जिम करतोय, घाम गाळतोय, वजन जागचं हलत नाही. ट्रेनर म्हणतो अजून कार्डिओ वाढव.

दादा, व्यायामाने वजन उतरतं ही गोष्ट गरजेपेक्षा जास्त विकली गेली आहे. अर्धा तास झपझप चाललं तर जातात दीडशेच्या आसपास कॅलरी, आणि अर्ध्या लिटरच्या कोल्ड्रिंकमध्ये असतात दोनशेच्या वर, ते पाच मिनिटांत पिऊन होतं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. आता तुम्हीच हिशोब घाला. वर व्यायाम झाला की भूक वाढते आणि "आज एवढं केलंय तर एक चालेल" हेही सुरू होतं.

ही गोष्ट विकली कुणी, तर ज्यांना ती सोयीची होती त्यांनीही. २०१५ मध्ये बातमी फुटली की अमेरिकेत शास्त्रज्ञांची एक संस्था लोकांना सांगत होती, खाण्याकडे फार बघू नका, हालचाल वाढवा, आणि तिला पैसा कोका-कोलाचा होता. बोभाटा झाला आणि त्याच वर्षी संस्था बंद पडली. तुम्ही पळत नाही हा तुमचा दोष, असं एकदा ठसलं की बाटलीत काय आहे ते कुणी विचारत नाही.

पण जिम सोडू नका हं! हृदय, रक्तातली साखर, झोप, मूड, स्नायू, सगळ्याला त्याचा फायदा आहे आणि उतरलेलं वजन परत चढू न द्यायला तर नक्कीच आहे. फक्त वजनकाट्यासाठी जेवणाच्या ताटाकडे आणि मुख्यतः ग्लासाकडे बघा. जिममधून निघाल्यावर जे प्रोटीन शेक की काय ते पिताय त्याचं लेबल वाचलंय का कधी?

प्रश्न : दोनदा बरंच वजन कमी केलं, दोनदा परत आलं, उलट जास्तच. माझ्यातच काहीतरी कमी आहे का?

नाही. वजन उतरलं की शरीर त्याला दुष्काळ समजतं, भुकेचे हार्मोन वाढवतं आणि खर्च कमी करतं. अमेरिकेत वजन घटवण्याच्या स्पर्धेच्या एका टीव्ही शोमधल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं (याही संशोधनात केव्हिन हॉल होते, २०१६ मध्ये छापलं), तेव्हा त्यांचं शरीर बसल्या जागी दिवसाला अपेक्षेपेक्षा साधारण ५०० कॅलरी कमी जाळत होतं. बहुतेकांचं वजन बरंचसं परतही आलं होतं. एवढं सगळं शरीर विरोधात करत असताना त्याला इच्छाशक्तीची कमतरता म्हणणं मला क्रूर वाटतं.

म्हणून झटपट डाएटच्या नादी परत लागू नका. जो बदल पुढची दहा वर्षं कंटाळा न येता करता येईल तेवढाच करा, मग तो लहान का असेना. आत्ताच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरलं आणि टिकलं तरी रक्तदाब आणि साखरेवर चांगला परिणाम दिसतो. हल्ली इंजेक्शनं आली आहेत, ती भूक खरंच कमी करतात, पण बंद केली की बहुतेकांचं वजन परत चढतं, तेव्हा तो निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्या, मैत्रिणीच्या सांगण्यावरून नको.

प्रश्न : पाकिटावर लो-फॅट, मल्टीग्रेन, नॅचरल असं सगळं लिहिलेलं असतं. विश्वास ठेवायचा का?

समोरची बाजू जाहिरात समजा आणि पाकीट उलटं करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. पहिल्या तिनात साखर किंवा मैदा दिसला की ओळख पटली. पण एक चलाखी असते, साखर तीन-चार नावांनी वाटून टाकतात, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, फळाचा अर्क, मग प्रत्येक जण यादीत खाली सरकतो आणि सगळे मिळून पहिल्या नंबरचे असतात. दुसरं, आकडे १०० ग्रॅममागचे बघा. "एका सर्व्हिंगमागे" हा आकडा पाकीट बनवणाऱ्याच्या सोयीचा असतो, तीन बिस्किटांवर थांबणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

लो-फॅटची तर गंमतच आहे. १९७७ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीने लोकांना फॅट कमी करा सांगितलं, आणि साखरही कमी करा सांगितलं होतं. उद्योगाने पहिलं ऐकलं, फॅट काढलं, चव गेली, मग ती भरून काढायला बऱ्याच वस्तूंत साखर आणि स्टार्च आला. आणि त्याच्याही आधी, १९६७ मध्ये, हार्वर्डच्या संशोधकांनी एक लेख लिहून हृदयरोगाचा रोख साखरेवरून फॅटकडे वळवला होता, त्यासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने पैसे दिले होते हे जुन्या कागदपत्रांवरून २०१६ मध्ये उघड झालं. मल्टीग्रेनचं म्हणाल तर पाच धान्यं चिमूटचिमूट घातली तरी तो शब्द छापता येतो, टक्केवारी बघा.

प्रश्न : मी पहिल्यापासून बारीक. काहीही खाल्लं तरी वजन वाढत नाही. मला या सगळ्याची काळजी करायची गरज नाही ना?

आहे. वजन हा एक आकडा आहे, आहार चांगला असल्याचं सर्टिफिकेट नाही. बारीक माणसालाही मधुमेह होतो, फॅटी लिव्हर होतं. आणि जाड माणसाच्या रक्तात लोह किंवा जीवनसत्त्वं कमी असू शकतात. एकाच घरात आई लठ्ठ आणि मूल कुपोषित असं जगातल्या कितीतरी देशांत दिसतं, कारण दोघांच्याही पोटात जातं ते स्वस्त, कॅलरीने भरलेलं आणि बाकी रिकामं. रक्ताची तपासणी करून घ्या.

प्रश्न : शंभर-सव्वाशे माणसांच्या ऑफिसचं कॅन्टीन माझ्या अखत्यारीत येतं. तुमचा लेख वाचून वाटलं काहीतरी करावं. कुणाच्या आवडीवर गदा न आणता काय करता येईल? लहान ताटं आणू का?

वा, म्हणजे एवढ्या माणसांचं अन्न धोरण तुमच्या हातात आहे, बऱ्याच आमदार-खासदारांपेक्षा तुमचा परिणाम लवकर दिसेल!

लहान ताटांवर पैसे घालू नका. हा सल्ला ज्या संशोधनामुळे गाजला त्यातला मोठा वाटा कॉर्नेल युनिव्हर्सिटीतल्या ब्रायन वॉनसिंक यांचा, आणि २०१८ मध्ये युनिव्हर्सिटीच्याच चौकशीत त्यांच्या संशोधनात गैरप्रकार सापडले, त्यांचे कितीतरी पेपर मागे घेतले गेले. ताटाचा आकार सोडा, वाढपाचा आकार बघा. जास्त वाढलं तर माणूस जास्त खातो हे मात्र बऱ्याच वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलंय. तेव्हा भाताचा आणि तळलेल्या पदार्थाचा डाव लहान करा, परत मागितलं तर हसून द्या.

पाणी थंड, स्वच्छ आणि सगळ्यात आधी हाताशी येईल असं ठेवा, कोल्ड्रिंकचा फ्रिज कोपऱ्यात न्या, काढून टाकलात तर पहिल्याच दिवशी बोंब होईल. भाजी-सॅलड रांगेच्या सुरुवातीला, ताट रिकामं असतं तेव्हा. चहा बिनसाखरेचा आणि साखर बाजूला, ज्याला हवी तो घालेल, फक्त क्रम उलटा करायचा. मीटिंगमधल्या बिस्किटांच्या जागी शेंगदाणे-फुटाणे किंवा फळं चालतात का ते विचारून बघा, एचआरवाले सहसा नाही म्हणत नाहीत.

आणि भिंतीवर कॅलरीचे तक्ते, "आज तुम्ही जिना चढलात का" असले बोर्ड लावू नका. जाड माणूस ते वाचतो आणि उद्यापासून डबा घेऊन जागेवर एकटा खातो. जे बदल केलेत ते जाहीरही करू नका, महिनाभर चालू द्या आणि किती काय खपलं ते रजिस्टर मला पाठवा, पुढच्या अंकात आकडे छापू, ऑफिसचं नाव न घालता.